निदानाबद्दलची शंका लिंगओळखीपर्यंत नेताना

मुक्ता_कर्वेनगर
२४ ऑगस्ट २०२४, सकाळी ९:४०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे, कर्वेनगरात प्रॅक्टिस करते. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार मला नाही, तो मानसोपचारतज्ज्ञांचा. पण निदान माझ्याही रिपोर्टात लिहावं लागतं आणि ते लिहिताना माझा हात अडखळतो. का अडखळतो ते आज सविस्तर लिहिते. ट्रान्सजेंडर प्रश्नावरची माझी मतंही यातूनच तयार झाली आहेत. ती दोन्हीकडच्या मित्रमंडळींना खुपतात, म्हणून तीही याच धाग्यात मांडते.

ताप आला की रक्त तपासतात आणि डेंग्यू आहे की मलेरिया ते कळतं. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, एडीएचडी यांतल्या कशासाठीही अशी रक्ताची किंवा एमआरआयची चाचणी आज नाही. निदान होतं ते लक्षणांच्या यादीवरून, आणि यादी समिती ठरवते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं 'डीएसएम', म्हणजे मानसिक आजार आणि त्यांची लक्षणं यांचं पुस्तक, १९५२ साली पहिल्यांदा निघालं. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'इतक्यांपैकी इतकी लक्षणं' ही पद्धत रुळली. मेजर डिप्रेशनसाठी नऊपैकी पाच, किमान दोन आठवडे. कागदावर मांडून बघा: एकच निदान झालेल्या दोन माणसांत फक्त एक लक्षण समान असू शकतं. बाकी सगळं वेगळं, तरी फाइलवरचा शब्द तोच, आणि बहुतेक वेळा गोळीही तीच.

२०१३ मध्ये पाचवी आवृत्ती यायच्या आधी तिच्या चाचण्या झाल्या. दोन डॉक्टरांनी एकाच माणसाला स्वतंत्रपणे तपासायचं आणि निदान जुळतं का ते पाहायचं. योगायोगाने जुळलेलं वजा करून जे उरतं त्याचा आकडा काढतात. पूर्ण एकमत असेल तर १. पीटीएसडीला (मोठ्या आघातानंतरच्या मानसिक त्रासाला) तो ०.६७ आला, बायपोलर वनला (बायपोलरच्या तीव्र प्रकाराला) ०.५६. मेजर डिप्रेशनला आला ०.२८. सगळी निदानं सारखीच कच्ची नाहीत हे यातून दिसतं आणि ते मी लपवणार नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या फाइलींवर सर्वांत जास्त वेळा दिसणारं निदान या यादीत तळाशी आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक थॉमस इन्सेल यांनी जाहीरपणे लिहिलं की डीएसएमची खरी उणीव वैधतेची आहे, म्हणजे नावामागे खरोखर तसा वेगळा आजार आहे का याची. ज्यांच्या अध्यक्षतेखाली चौथी आवृत्ती तयार झाली ते ॲलन फ्रान्सिस पाचव्या आवृत्तीचे सर्वांत कडक टीकाकार ठरले. घरातलं माणूस गेल्यावरच्या दुःखाला डिप्रेशनच्या निदानातून जी सूट होती, ती या आवृत्तीने काढून टाकली. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घरात चूल नीट पेटत नाही, माणूस खात नाही, झोपत नाही. त्याला दोन आठवड्यांचं माप लावायला माझं मन तयार होत नाही.

आता पुण्यातलं बघा. नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमधून माझ्याकडे मुलं येतात. ओळख पटू नये म्हणून अनेकांचं मिळून एक सांगते. वय अठ्ठावीस-तीस. गावाकडे वडिलांनी क्लाससाठी कर्ज काढलेलं. परीक्षा पुढे ढकललेली, मग निकाल अडकलेला, मग नियुक्ती अडकलेली. कॉट बेसिसवर राहणं, मेसचा डबा, रात्रभर जागरण. फाइलवर लिहिलेलं असतं 'मॉडरेट डिप्रेशन'. याच आठवड्यात शास्त्री रस्त्यावर मुलं रात्रभर बसून होती, ती परीक्षेच्या तारखेसाठी. त्यांच्या फाइलींत ही तारीख कुठेच नसते. कर्ज नसतं, लग्नाचं वय उलटत चाललंय हेही नसतं. जे व्यवस्थेत बिघडलं आहे ते मुलाच्या मेंदूत बिघडलंय असं त्याला सांगितलं जातं, आणि तो विश्वास ठेवतो.

असं म्हणणारी मी एकटी नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली लुसी जॉनस्टन आणि मेरी बॉईल या मानसतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसोबत निदानाला पर्याय म्हणून एक आराखडा मांडला. माणसावर काय गुदरलं, कोणाची सत्ता त्याच्यावर चालली, त्यातून तगण्यासाठी त्याने काय केलं, असे त्यातले प्रश्न आहेत. आणि आपल्या पुण्यातच भार्गवी दावर होत्या. आईचे मनोरुग्णालयातले हाल बघत मोठ्या झालेल्या या बाईंनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट उभा केला आणि वस्त्यांमध्ये निदानाच्या शिक्क्याशिवाय मानसिक आरोग्याचं काम करून दाखवलं. यंदा मे महिन्यात त्या गेल्या. त्यांच्यावर मराठीत जेवढं लिहून यायला हवं होतं तेवढं आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता लिंगओळख. १९७३ मध्ये समलैंगिकता डीएसएममधून वगळली गेली. ती वगळली त्या दिवशी कोणाच्या मेंदूत काही बदललं नव्हतं, बदलला होता समितीचा निर्णय. 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर' (लिंगओळखीचा विकार) २०१३ मध्ये जाऊन 'जेंडर डिस्फोरिया' (शरीर आणि लिंगओळख न जुळल्याने होणारा त्रास) आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून, हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. मला हे सगळं मनापासून पटतं. ट्रान्स असणं हा आजार नाही. प्रौढ माणसाने आपण कोण आहोत हे सांगायला माझ्यासारखीच्या पत्राची गरज का पडावी, हा माझाही प्रश्न आहे.

पण चळवळीतल्या एका सुराशी माझं जमत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी म्हणते की मला माझं शरीर नकोसं झालंय. तिला तेवढ्यावरून 'ट्रान्स' हे उत्तर द्यायचं आणि पुढचे प्रश्न विचारणाऱ्याला द्वेष्टा ठरवायचं, हे मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये मुलांच्या जेंडर क्लिनिककडे २०११-१२ मध्ये जेमतेम २५० मुलं पाठवली गेली होती, २०२१-२२ मध्ये ५,००० च्या वर. या सेवेची तपासणी करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांचा अंतिम अहवाल यंदा एप्रिलमध्ये आला. प्युबर्टी ब्लॉकर (वयात येणं रोखून धरणारी औषधं) आणि हॉर्मोन यांच्यामागचा पुरावा दुबळा आहे, असं त्यांनी म्हटलं. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये आधीच हात आखडता घेतला होता. कॅस यांचा मला सर्वांत जवळचा वाटणारा मुद्दा असा: मुलाने लिंगाबद्दल काही म्हटलं की त्याचं ऑटिझम, त्याचं नैराश्य, घरातली मारहाण हे सगळं त्या एका शब्दामागे झाकलं जातं. डिप्रेशनच्या शिक्क्याबद्दल माझी तक्रार अगदी हीच आहे. एका शिक्क्यावर शंका घेणाऱ्यांनी दुसरा शिक्का बिनशर्त स्वीकारावा, ही अपेक्षा मला मान्य नाही.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तिखट लिहिलंत तरी चालेल.

---

अभ्यासिका_नवीपेठ
२४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मॅडम, तुम्ही वर्णन केलेला मुलगा मी आहे असं समजा. पण एक सांगू का? मला जेव्हा डॉक्टरांनी 'डिप्रेशन' म्हटलं तेव्हा बरं वाटलं होतं. त्याआधी घरी सगळे मला आळशी म्हणायचे. वडिलांना फोनवर 'परीक्षेच्या तारखेमुळे झोप लागत नाही' सांगितलं तर ते म्हणतात, आम्ही दुष्काळात झोपलो ना. 'आजार आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय' म्हटल्यावर ते पहिल्यांदा गप्प बसले आणि पुढच्या महिन्यात भेटायला आले. शिक्का खोटा असेल, पण वडील आले ते त्याच्यामुळे.

---

सईची_आई
२४ ऑगस्ट, सकाळी ११:०२

मुक्ताताई, तुमचं लिखाण मी आधीपासून वाचते, म्हणून राग न धरता लिहिते.

माझ्या मुलीला बायपोलर आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ती आठवडाभर झोपली नाही. डेक्कनवर अनोळखी लोकांना पैसे वाटले, आणि आपल्याला पंतप्रधानांनी बोलावलंय म्हणून स्टेशनवर जाऊन बसली. त्याआधी बराच काळ आम्ही एका समुपदेशिकेकडे जात होतो. त्यांचा निदानावर विश्वास नव्हता. 'तिच्यावर काय गुदरलं ते शोधू या' असं त्या म्हणायच्या. शोध सुरू झाला. माझी नोकरी, माझं ओरडणं, मुलगी सहा महिन्यांची असताना तिला पाळणाघरात ठेवलं ते, सासूबाईंचं आणि माझं पटत नाही ते. प्रत्येक वेळी शोध माझ्यापाशी येऊन थांबायचा. मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली. यजमान म्हणू लागले, तू नोकरी सोड. मी सोडली. तिची झोप परत आली नाही.

मग मानसोपचारतज्ज्ञांनी एका तासात बायपोलर म्हटलं आणि लिथियम हे औषध सुरू केलं. रक्तातली पातळी बघायची, थायरॉइड बघायचं, किडनी बघायची, हे सगळं आम्ही न चुकता करतो. आज ती नोकरी करते. तुम्ही ज्याला शिक्का म्हणता त्याने माझ्या घरातला आरोपी काढून घेतला. तुमच्या आराखड्यात आईवर आळ येणार नाही याची काय सोय आहे, ते मला सांगा.

---

डॉक्टर_औंध
२४ ऑगस्ट, दुपारी १:३०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. मुक्ताताईंनी दिलेले आकडे बरोबर आहेत, अर्थ थोडा वेगळा लावतो.

०.२८ हा आकडा ज्या चाचणीतून आला तिथे डॉक्टरांनी नेहमीच्या ओपीडीत करतात तशीच मुलाखत घेतली होती, ठरवून दिलेली प्रश्नावली नव्हती. म्हणजे तो आकडा आम्ही प्रत्यक्षात कसे काम करतो त्याचाही आहे. मला तो लाजिरवाणाच वाटतो. पण त्यावरून आजारच नाही असं ठरत नाही. आणि रेषा समितीने आखणं हे फक्त आमच्याकडे होतं असं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संस्थांनी रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि एका रात्रीत लाखो लोक रुग्ण झाले. म्हणून रक्तदाब काल्पनिक ठरला नाही.

निदानाचा माझ्यासाठी उपयोग कामचलाऊ आहे. या माणसाला लिथियम द्यावं की नुसती नैराश्याची गोळी देऊन त्याचा मेनिया (अति उत्तेजित अवस्था) भडकवू, हे ठरवायला मला बायपोलर आणि साधं नैराश्य यांत फरक करावाच लागतो. १९४९ मध्ये जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखवला, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली. आत्महत्येचा धोका कमी करणारी फार थोडी औषधं आमच्याकडे आहेत, त्यात ते आहे. येरवड्याचं मनोरुग्णालय २,५४० खाटांचं. तिथे काही काळ काम केलेल्या माणसाला 'निदान म्हणजे सत्तेचा खेळ' हे वाक्य अर्धंच पटतं. निदान न होता, उपचार न मिळता वर्षानुवर्षं घराच्या मागच्या खोलीत कोंडलेली माणसंही मी पाहिली आहेत.

ट्रान्स विषयावर: कॅस अहवालाचा दाखला देताना तो पूर्ण द्यावा. ट्रान्स मुलं नसतात किंवा कोणालाच उपचारांचा फायदा होत नाही, असं तो म्हणत नाही. काहींना फायदा होतो हेही त्यात आहे. सेवा बंद करा असंही नाही, ठिकठिकाणी आणि सर्वांगीण सेवा द्या असं आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेने, बीएमएने, गेल्याच महिन्यात त्याच्या अंमलबजावणीवर हरकत घेतली. आणि माझ्या ओपीडीत ब्लॉकर मागणारं तेरा वर्षांचं मूल येत नाही. येतो तो तेवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, ज्यांचं लग्न ठरवून झालंय, देवऋषी करून झालाय, आणि आता आई-वडील म्हणतात, डॉक्टर, याला नॉर्मल करा.

---

विवेकी_पुणे
२४ ऑगस्ट, दुपारी २:१०

डॉक्टरांशी सहमत. परवाच २० ऑगस्टला आपण दाभोलकरांचा स्मृतिदिन पाळला. अंगात येणं, भानामती, करणी यांच्यामागे आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत, हे सांगण्यात चळवळीची कित्येक वर्षं गेली. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्यांना दर्ग्याच्या आसऱ्याला आणून बांधलं होतं. मुक्ताताई जे लिहितात ते शिकलेल्या लोकांमध्ये ठीक. पण 'निदानावर शंका आहे' एवढंच वाक्य गावात पोचलं तर त्याचा फायदा कोणाला होणार, याचा विचार व्हावा.

---

दक्षिणकाठ
२४ ऑगस्ट, दुपारी २:४५

मुक्ता मॅडमचे अभिनंदन. कोणीतरी खरं बोललं. हे जेंडर वगैरे सगळं परदेशी खूळ आहे, मोबाइलमधून आलेलं. आपल्या संस्कृतीत असलं काही नव्हतं. लेख ग्रुपवर फॉरवर्ड करत आहे.

---

मुक्ता_कर्वेनगर
२४ ऑगस्ट, दुपारी ३:२०

@दक्षिणकाठ, माझी विनंती आहे, असं फॉरवर्ड करू नका. मी असं लिहिलेलं नाही. यल्लम्माचे जोगते कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. हिजडा समाज या देशात इंग्रजांच्या आधीपासून आहे. उलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांची नोंदणी करून त्यांच्यावर पाळत ठेवली ती इंग्रजांनी. माणसं आपल्याकडे नेहमीच होती. माझी शंका लहान मुलांच्या बाबतीतल्या वैद्यकीय घाईवर आहे, माणसांवर नाही. बाकीच्यांना संध्याकाळी सविस्तर उत्तर देते.

---

निळा_पक्षी
२४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

मी ट्रान्स पुरुष आहे, पिंपरीत राहतो. लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं. वरचा फॉरवर्डवाला प्रतिसाद वाचल्यावर लिहायला बसलो.

मुक्ताताई, शिक्क्यामागे माणूस झाकला जातो हे तुमचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त माझ्या बाबतीत ते उलट्या दिशेने घडलं. एकोणीस-वीसचा असताना मला एका क्लिनिकमध्ये नेलं. हातावर ब्लेडच्या खुणा होत्या. निदान झालं बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सतत अस्थिर असण्याचा व्यक्तिमत्त्वाचा विकार. त्या निदानाच्या नऊ निकषांपैकी एक आहे 'स्वतःच्या ओळखीबद्दल अस्थिरता'. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा म्हणालो की मी मुलगी नाही, तेव्हा ते वाक्य त्या निकषात जाऊन बसायचं. जितक्या ठामपणे सांगावं तितका आजार जास्त! मी काय बोलतोय ते ऐकण्याआधीच त्याचा अर्थ ठरलेला असायचा. आता सांगा, झाकलं कोण गेलं होतं?

त्या काळात माझ्यावर घाई कोणी केली नाही. सगळ्यांनी थांबायलाच सांगितलं. पाळी सुरू असताना थांब, लग्नाची स्थळं येत असताना थांब, आवाज असा आहे म्हणून कॉलेजात बोलणं बंद केलंय तरी थांब. तुम्ही थांबण्याला सुरक्षित बाजू समजता. थांबण्याचाही शरीरावर परिणाम होतो. छाती वाढते, ती नंतर शस्त्रक्रियेने काढावी लागते. मी ती काढली, त्यासाठी साठवलेले पैसे संपले.

प्रौढांना पत्र लागू नये म्हणता, तिथे मी तुमच्यासोबत आहे. हॉर्मोन सुरू करायला मला मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र लागलं. लहानपणी बाहुलीशी खेळायचास का, असं मला विचारलं गेलं. खरं उत्तर 'कधीकधी' होतं. मी 'कधीच नाही' म्हणालो, कारण पत्र हवं होतं. निदान असं तयार होतं. यादीत जे लिहिलंय ते आम्ही पाठ करून जातो.

आणि 'आजार नाही तर उपचार कशाला' असं लोक विचारतात. बाळंतपण आजार नाही, तरी ससूनला त्याचा वॉर्ड आहे.

तुमच्या लेखातल्या मुद्द्यांपेक्षा मला भीती त्याच्या प्रवासाची वाटते. माझ्या मावशीच्या ग्रुपवर तो पोचेल तेव्हा त्यात डीएसएम नसेल, डिप्रेशन नसेल, अभ्यासिकेतला मुलगा नसेल. 'पुण्यातल्या मानसतज्ज्ञ म्हणतात' एवढंच असेल. इथे आमच्या महापालिकेत २०२२ पासून तृतीयपंथी सुरक्षारक्षक म्हणून नोकरीला आहेत. ते गेटवर उभे राहतात हे बघून माझ्या आईने मला पहिल्यांदा विचारलं, तुलाही असं काम मिळेल का? एवढी वाट तयार व्हायला एवढा काळ गेला आहे.

---

सईची_आई
२४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

निळा_पक्षी, बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस.

---

शनिवारपेठ_वकील
२४ ऑगस्ट, रात्री ८:१५

कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण या चर्चेतल्या निम्म्या प्रश्नांना कायद्याने आधीच हात घातला आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. हा कायदा तयार करण्यात आपल्या पुण्यातल्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या केंद्राचा, डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता. त्याचं कलम ३ प्रत्येकाने वाचावं. आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय मानकांनुसार, आयसीडीसकट. पण समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचं जुळत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही, हेही त्यातच आहे. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजारी ठरवता येणार नाही. आणि निदान झालं म्हणून तो माणूस 'अनसाउंड माइंड' होत नाही, तसं फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. मालमत्तेच्या वादात भावाचं जुनं प्रिस्क्रिप्शन कोर्टात आणणारे लोक मी पाहतो, त्यांना हे कलम दाखवावं लागतं.

लिंगओळखीबद्दल: १५ एप्रिल २०१४ चा नाल्सा निकाल, म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा. ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. २०१९ च्या कायद्याने स्वतः ठरवलेल्या ओळखीचा हक्क दिला. 'ट्रान्सजेंडर' म्हणून प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचं आणि २०२० च्या नियमांनी त्यासाठी शारीरिक तपासणी ठेवली नव्हती, प्रतिज्ञापत्र पुरायचं, ही २०२४ मधली स्थिती. पण 'पुरुष' किंवा 'स्त्री' असं सुधारित प्रमाणपत्र हवं असेल तर कलम ७ प्रमाणे शस्त्रक्रियेनंतरचा वैद्यकीय दाखला मागतात. नाल्साशी हे कसं जुळतं, हा वाद जुना आहे आणि माझ्या मते जुळत नाही.

तिसरी गोष्ट, मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या एस. सुषमा प्रकरणातल्या आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे माणसाचा लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्याचे 'उपचार', हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. डॉक्टर_औंध यांच्याकडे 'नॉर्मल करा' म्हणून जे पालक येतात, त्यांना हे सांगता येईल.

---

मुक्ता_कर्वेनगर
२४ ऑगस्ट, रात्री १०:५०

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले.

सईची आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. आईवर आळ घेण्याचा आमच्या व्यवसायाचा इतिहास काळा आहे. १९४८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' ही कल्पना छापून आली आणि पुढे कित्येक वर्षं बायकांनी ती सोसली. काय गुदरलं ते विचारणं म्हणजे घरातला आरोपी शोधणं नव्हे. गरिबी, परीक्षा, नोकरी, जात, रस्त्यावरची असुरक्षितता हे सगळं त्या प्रश्नात यायला हवं. तुमच्या समुपदेशिकेने तो प्रश्न घराच्या उंबऱ्याच्या आत कोंडला. आणि आठवडाभर न झोपलेल्या मुलीला आधी झोप यायला हवी, बाकी सगळं नंतर. लिथियमला माझा विरोध नाही. बायपोलर वनचा आकडा ०.५६ आहे हे मी म्हणूनच लिहिलं होतं. आपण ज्या निदानांना एका दावणीला बांधतो ती सारखी नाहीत.

डॉक्टर, रक्तदाबाच्या रेषेखाली मोजता येणारा पारा आहे. रेषा हलली तरी पारा राहतो. डिप्रेशनच्या रेषेखाली काय आहे ते अजून कोणी दाखवलेलं नाही. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांच्या आढाव्याने सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं या समजाला पुरावा सापडत नाही असं दाखवलं. तरी आजही माझ्याकडे येणारी मुलं सांगतात की माझ्या मेंदूत केमिकल इम्बॅलन्स आहे. त्यांना हे कोणीतरी आत्मविश्वासाने सांगितलेलं असतं. (गोळीने कोणाला बरं वाटत असेल तर ती परस्पर बंद करू नये, हे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.)

अभ्यासिका_नवीपेठ, तुझ्या वडिलांना यायला कागद लागला याचं मला दुःख आहे. कागद फाड असं मी म्हणणार नाही. त्यांना एकदा माझ्याकडे किंवा कोणाकडेही घेऊन ये, तारखेचं आणि कर्जाचं बोलू.

विवेकी, एरवाडीतल्या माणसांना साखळी बांधली ती निदान नव्हतं म्हणून की त्यांना माणूस मानलं नाही म्हणून? निदान असलेली माणसंही बंद खोल्यांत होती. दाभोलकरांकडून मी शिकले ते प्रश्न विचारणं. तो डॉक्टरांनाही विचारायचा, एवढंच.

निळा_पक्षी, तुम्ही जे लिहिलंत ते मी माझ्या प्रशिक्षणार्थींना वाचायला देणार आहे, तुमची परवानगी असेल तर. 'जितक्या ठामपणे सांगावं तितका आजार जास्त' ही निदानाची सर्वांत घातक चाल आहे, आणि ती तुमच्यावर खेळली गेली. थांबण्याचाही परिणाम होतो, हेही मान्य. माझा आग्रह एवढाच की मूल तेरा-चौदाचं असेल तर औषधाआधी त्याला पुरेसा वेळ आणि बोलणारं माणूस मिळावं, आणि त्या बोलण्याचा शेवट आधी ठरलेला नसावा. ना 'तू ट्रान्सच', ना 'तू नॉर्मल हो'. 'नॉर्मल करा' म्हणणाऱ्या पालकांना मी आजवर नाहीच म्हटलं आहे आणि पुढेही म्हणेन. वकीलसाहेबांनी सांगितलेला नियम मला हवाच आहे. त्या नियमाच्या धाकाने एखादा समुपदेशक मुलाशी मोकळं बोलायलाच घाबरू नये, हीही काळजी आहे.

मूळ लेखाच्या सुरुवातीला आता एक ओळ घालते: प्रौढ ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांना निदानाची अट नसावी ही माझी भूमिका आहे, आणि हा लेख तुकड्यांत कोणी पसरवू नये. फॉरवर्ड थांबणार नाहीत हे मला माहीत आहे, पण किमान शोधणाऱ्याला ती ओळ सापडेल.

---

डॉक्टर_औंध
२५ ऑगस्ट, सकाळी ८:३०

सेरोटोनिनचा मुद्दा मान्य. 'केमिकल इम्बॅलन्स' हे वाक्य मी वापरत नाही आणि माझ्या ज्युनियरांनाही वापरू देत नाही. पण त्या आढाव्याने गोळ्या काम करतात की नाही हे तपासलं नव्हतं, तेही लिहायला हवं.

निळा_पक्षी, बाहुलीचा प्रश्न मीही विचारत आलो आहे, आम्हाला तसंच शिकवलं गेलं. माझ्याकडे पत्रासाठी येणाऱ्यांना यापुढे तो विचारणार नाही. काय होणार आहे, काय परत फिरवता येत नाही, अपत्य हवं असेल तर आधी काय करावं लागेल, हे त्यांना नीट समजलंय का, तेवढंच पाहीन.

---

निळा_पक्षी
२५ ऑगस्ट, सकाळी ११:१०

मुक्ताताई, प्रशिक्षणार्थींना वाचायला द्या, नाव नको. डॉक्टर, हे ऐकून बरं वाटलं. मागच्या आठवड्यात माझ्या ओळखीतला एक जण पत्रासाठी रडत होता, त्याला तुमच्याकडे पाठवतो. व्यक्तिगत निरोपात पत्ता द्याल का?

पण ताई, चौदा वर्षांच्या मुलाबद्दलचं मला अजून पटलेलं नाही. पुरेसा वेळ आणि बोलणारं माणूस असं तुम्ही लिहिता. कर्वेनगरात ते मिळेल. माझ्या वेळी पिंपरीत नव्हतं, आणि माझ्या गावी, जुन्नरच्या पुढे, आजही नाही. तिथल्या मुलाच्या वाट्याला तुमच्या सल्ल्यातला 'थांब' तेवढा येतो, बोलणारं माणूस येत नाही. तुमचे प्रशिक्षणार्थी महिन्यातून एकदा तिकडे येतील का? जागा मी बघतो. शाळेतल्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत, त्या खोली उघडून देतील.